उत्पन्नाचा दाखला



स्मरणिकेचे संपादकीय म्हटले की वर्षभरातील कार्यक्रमांचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि पुढील वर्षाचे संकल्प असा एक ठरलेला क्रम असतो. आढावा सचिवांच्या अहवालात आलेलाच आहे आणि आभारही योग्य त्या पानावर मानलेले आहेत. म्हणून या वर्षी ही जागा एका साध्या सरकारी कागदाविषयी लिहिण्यासाठी मी कार्यकारिणीकडून मागून घेतली. तो कागद म्हणजे तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला. ज्याच्या ट्रंकेत त्याची एखादी पिवळी पडलेली प्रत नाही, असे घर आपल्यात विरळाच.

हा दाखला आपला वैरी नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली आणि तिच्या बळावर आपल्या दोन-तीन पिढ्या महाविद्यालयाची पायरी चढल्या. मीही त्यांतलाच. जून महिना उजाडला की माझे वडील गिरणीतून एका दिवसाची रजा टाकून दाखल्यासाठी रांगेत उभे राहत. त्या कागदामुळे मी वैद्यकीय महाविद्यालयात टिकलो. तेव्हा उत्पन्नाची अट म्हणजे सर्वत्र आणि सदैव अन्याय, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा माझ्या हातून होणार नाही. परंतु शिक्षण आणि आजार यांत एक फरक आहे. प्रवेशाची तारीख आधीपासून ठाऊक असते; रांगेत उभे राहायला वेळ असतो. आजार मात्र रात्री दोन वाजता येतो आणि तहसील कार्यालय सकाळी उघडते.

मागील रमजानच्या दिवसांतली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास उम्म अल हस्सममधील माझ्या घरी एक धम्मबांधव आले. येथील एका कंपनीत ते भांडारपाल आहेत. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी सांगितले की गावी आईच्या छातीत कळ आली, धाकट्या भावाने तिला शहरातील एका धर्मादाय रुग्णालयात नेले, तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ हबकला. तेथील कारकुनाने त्याला सांगितले की घरचे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला आणा, म्हणजे गरिबांच्या राखीव खाटांतून पाहू. दाखला मिळवून देणारा एक माणूसही भावाला त्याच संध्याकाळी भेटला होता. पाहुण्यांनी मला विचारलेला प्रश्न एवढाच होता : "डॉक्टरसाहेब, त्या दाखल्यात माझा पगार धरायचा की नाही?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तो प्रश्न हृदयविकाराचा नव्हता, आणि तरीही त्याच्या उत्तरावर उपचार अवलंबून होता. या गृहस्थांनी पाठविलेल्या पैशांवर आईची चूल पेटते, हे खरे. पण त्यातून पुतण्याची फी जाते, घराच्या कर्जाचा हप्ता जातो, आणि शिल्लक म्हणाल तर शून्य. कागदावर ते 'आखाती देशात नोकरीला' आहेत, आणि आपल्याकडे या तीन शब्दांचा अर्थ श्रीमंत असा होतो. हा गैरसमज पसरविण्यात आपलाही वाटा आहे म्हणा. सुटीत घरी जाताना बॅगा भरून नेतो तेव्हा कर्जाची वही कोणी दाखवत नाही.

ही मर्यादा येते कोठून, हे जरा पाहू. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिकांना तीन रंग आले. वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास पांढरी. हे रंग धान्यासाठी पाडलेले होते. पुढे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेत मोठ्या शस्त्रक्रिया आणि खर्चिक उपचार मोफत होत. पण मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांवर. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांसारखे काही अपवाद जोडले गेले. म्हणजे ज्वारी-तांदूळ कोणाला स्वस्त द्यायचे यासाठी पाडलेल्या रंगांवर हृदयाची झडप कोणाची बदलायची हे ठरू लागले. १ लाखाचे बारा भाग केले तर महिन्याला ८,३३३ रुपये होतात. १९९९ साली ठरलेली ही रेघ १३ वर्षांनी शस्त्रक्रियेला लागू झाली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तेथेच राहिली. तेवढ्या अवधीत घरभाडे, रोजंदारी आणि औषधांचे भाव कोठल्या कोठे गेले. महिना ९ हजार कमावणारा पहारेकरी या हिशेबात मर्यादेबाहेरचा सुखवस्तू ठरला.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट वेगळी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार, करसवलती आणि अन्य सुविधा घेणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्यासाठी सविस्तर योजनाच घालून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्णतः मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि रुग्णालयाच्या एकूण देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत. निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे अर्थातच उत्पन्नावरून ठरते. या मर्यादा वेळोवेळी वाढविल्या गेल्या आणि अलीकडच्या वाढीनंतर त्या निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार झाल्या.

आता गंमत पहा. शहरात राहणाऱ्या आणि महिना २० हजार रुपये मिळविणाऱ्या एका कामगाराचे घर घ्या. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्राने शहरात ५९ हजारांची मर्यादा ठेवली, तेथे हे घर बसत नाही. शिधापत्रिका पांढरी. धर्मादाय रुग्णालयात ते निर्धन नाही, पण दुर्बल आहे. कामगार राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१ हजार झाली, त्या हिशेबात ते संरक्षणास पात्र आहे. मात्र मालकाने नोंदणी केली असेल तरच. एकाच घराला एक खाते संपन्न म्हणते, दुसरे दुर्बल म्हणते, तिसरे विम्यास पात्र म्हणते. त्या घरातील माणसांचा रक्तदाब या तिन्ही ठिकाणी एकच असतो.

कामगार विम्याचा उल्लेख आला आहे, तर थोडे थांबतो, कारण हा धागा आपल्या इतिहासातला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून कामगार राज्य विमा अधिनियम, १९४८ घडला. कायदा संमत झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि मजूरखाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. आपल्याकडे भाषणांत ही संपूर्ण योजनाच बाबासाहेबांच्या एकट्याच्या नावावर टाकली जाते. तसे करण्याची आवश्यकता नाही. पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला, हे सत्य पुरेसे मोठे आहे. आजारी पडलेल्या मजुराला औषधही मिळावे आणि बुडालेल्या रोजाची काही भरपाईही मिळावी, ही कल्पना या देशात कायद्याने प्रथम तेथे रुजली. मात्र त्या कायद्यातही आरंभापासून एक रेघ होती : ज्याचे वेतन महिना ४०० रुपयांहून अधिक, तो बाहेर.

त्या रेघेची आमच्या घराशी ओळख झाली ती मी शाळेत असताना. वडील नागपुरात गिरणी कामगार होते. आईला दम्याचा विकार होता आणि तिची औषधे विमा दवाखान्यातून येत. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेले ते लाल मिश्रण आणि कागदाच्या पुडीतील गोळ्या मला अजून आठवतात. मग एके वर्षी वडिलांना बढती मिळाली. घरात जिलेबी आली. काही महिन्यांनी कळले की नव्या पगारामुळे आपण मर्यादेच्या वर गेलो आणि चालू मुदत संपली की दवाखान्याचे कार्ड बंद. वाढ झाली होती काही रुपयांची. औषधांचा खर्च त्याहून अधिक निघाला. वडील हिशेबाला पक्के होते. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर बेरीज-वजाबाकी मांडली आणि आईला म्हणाले, "आपली प्रगती झाली, म्हणून तुझं औषध गेलं." ते विनोदाने म्हणाले होते. त्या हिवाळ्यात आई औषध अर्धेच घेत असे, हे आम्हाला फार उशिरा समजले.

वैद्यक म्हणून तीस वर्षे काम केल्यावर मला असे दिसते की उत्पन्नमर्यादेचे खरे दुखणे याच ठिकाणी आहे. दाखला मागील वर्षाचे उत्पन्न सांगतो आणि आजार चालू वर्षाचे उत्पन्न खातो. कर्ता माणूस अर्धांगवायूने पडला की त्या दिवसापासून घर गरीब होते, पण त्याच्या हातातला कागद तो धडधाकट असतानाचा असतो. मर्यादेच्या वर हजार रुपये असलेले कुटुंब एका शस्त्रक्रियेनंतर मर्यादेच्या कितीतरी खाली जाते, आणि मग ते पात्र ठरते. म्हणजे शेत विकून झाल्यावर. दुसरी गोष्ट अशी की रेघेजवळची माणसे उशिरा येतात. आपल्याला लाभ मिळणार की नाही याची खात्री नसल्याने ती दुखणे अंगावर काढतात. मधुमेहाची जखम आठवड्याभरात दाखविली तर मलमपट्टीवर भागते. दोन महिन्यांनी दाखविली तर पाय जातो. सरकारी हिशेबात मात्र पाय वाचल्याची नोंद कोठेच होत नसते.

यावर जो युक्तिवाद केला जातो तो मी टाळणार नाही. सरकारची तिजोरी आटोपशीर आहे; मग ज्याला परवडते त्यालाही फुकट का द्यायचे? बंगलेवाल्याच्या शस्त्रक्रियेचा भार शेतमजुराने का उचलायचा? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्यासारख्या समाजाने तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे की बंगलेवाल्याकडून घ्यायचे ते कर आकारताना घ्यावे, खाटेच्या पायाशी उभे राहून घेऊ नये. कराच्या वेळी तो निरोगी असतो, त्याची कागदपत्रे तपासायला वर्ष असते. रुग्णालयाच्या दारात चाळणी लावली की तीतून बंगलेवाला सहज पार होतो, कारण त्याला दाखला काढून देणारी माणसे ठाऊक असतात. अडकते ती कागद नसलेली मोलकरीण. शिवाय केवळ गरिबांसाठी म्हणून चालविलेल्या दवाखान्याची काय कळा होते हे सांगायला नको. जेथे मामलेदाराची आई आणि मजुराची आई शेजारच्या खाटांवर असतात, तेथे पंखा बंद पडला तर दुरुस्त होतो.

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच हे तत्त्व मांडले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये. इंग्लंडने हा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर केला. तेथे १९११ च्या कायद्याने ठरावीक उत्पन्नाखालील कामगारांना विम्यातून डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकामुलांना नाही. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि ती रेघ पुसली गेली. त्याच १९४८ साली आपल्या कायद्यात ४०० रुपयांची रेघ लिहिली गेली. नवस्वतंत्र, फाळणीने पोळलेल्या देशाला तेव्हा याहून अधिक झेपले नसते, हेही मान्य केले पाहिजे.

आता आनंदाची बातमी, जी आपल्यातील अनेकांना अद्याप ठाऊक नाही आणि जिच्यासाठी मी हे लिहिण्याचा विशेष खटाटोप केला. महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा फुले योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली केली आणि कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेले. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सारे उपचार विनामूल्य झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात आली नाहीत. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २०१८ साली २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून लाभार्थी ठरविले गेले होते. पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी लागते ते आधार कार्ड. मुलगा बहारीनला आहे की बुलढाण्याला, हे कोणी विचारत नाही.

त्या रात्री मी पाहुण्यांना प्रथम आईचे वय विचारले. ७३. पुढचे काम दूरध्वनीवर झाले. आईचे वयोवृद्धांचे कार्ड काढले, योजनेत समाविष्ट असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात तिला हलविले, आणि शस्त्रक्रिया पार पडली. खोटा दाखला काढावा लागला नाही. पण मला हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की आईचे वय ६३ असते आणि जवळपास दुसरे रुग्णालय नसते, तर त्या भावाला मी काय सल्ला दिला असता याची मला खात्री नाही. तत्त्व सांगणे सोपे आहे. खोट्या दाखल्यावर घेतलेली राखीव खाट ही सरकारची नसते. ती बाहेर जिन्याखाली झोपलेल्या एखाद्या पारध्याची, एखाद्या आपल्याच भूमिहीन बांधवाची असते. १०० खाटांच्या रुग्णालयात निर्धनांच्या खाटा १० असतात. रेघ आखली की गरीब आणि जरा कमी गरीब यांनी एकमेकांना ढकलायचे, असा हा खेळ आहे. तथापि ज्याची आई आत तळमळत आहे त्याच्यापुढे उभे राहून हे सांगायला लागते ती जीभ माझ्याकडे त्या रात्री होती काय, कोण जाणे. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवावी : उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने अनामत रक्कम न मागता त्वरित दाखल करून घेतलेच पाहिजे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार दिलेच पाहिजेत. कागद नंतर. २०२५ साली पुण्यात एका गर्भवती स्त्रीच्या कुटुंबाकडे अनामत रक्कम मागितल्याचे आणि तिच्या मृत्यूचे प्रकरण राज्यभर गाजले, तेव्हा हा नियम पुन्हा एकदा सर्वांना आठवला. नियम १९ वर्षे जुना होता.

आणि रेघ पुसली म्हणून खाटा वाढत नाहीत, हेही विसरून चालणार नाही. पात्र सगळे झाले आणि डॉक्टर तितकेच राहिले, तर आवाज मोठा असलेला माणूस पुढे जाईल आणि पूर्वी निदान दाखल्याच्या आधाराने शिरकाव होणारा मागे राहील. ही भीती मला वाटते. म्हणून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे का, औषधे आहेत का, हे सुटीवर गेलेल्या प्रत्येकाने पाहून यावे. विहाराला देणगी देतो, तशी एक चक्कर तिकडेही.

आता आपण राहतो तेथली गोष्ट. बहारीनमध्ये रेघ उत्पन्नाची नाही, नागरिकत्वाची आहे. उम्म अल हस्सममधील शेख सबाह अल सालेम आरोग्य केंद्रात बहारीनी नागरिकाला, तो लक्षाधीश असो वा मासेमार, उपचार विनामूल्य आहेत. परदेशी माणसासाठी शुल्क आहे, आणि कामाचा परवाना घेताना त्याच्या आरोग्यसेवेचा आकार मालकाने भरायचा असतो. २०१८ च्या २३ क्रमांकाच्या कायद्याने परदेशी कामगारांच्या आरोग्यविम्याची जबाबदारीही मालकावरच टाकली आहे. पाहुण्या देशाने आपल्या माणसांना आधी पाहावे, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. सलमानियात मध्यरात्री नेलेला आपला माणूस वाचून परत आल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण ज्याचा परवाना संपला, ज्याला आपण बोलीभाषेत 'फ्री व्हिसावाला' म्हणतो, त्याला मालकच नसतो. तो माझ्या दवाखान्यात येतो तेव्हा आधी फी विचारतो आणि मग दुखणे सांगतो. संकटात सापडलेल्यांसाठी भारतीय दूतावासाचा समाज कल्याण निधी २००९ पासून आहे आणि त्यातून तातडीच्या उपचारांनाही साहाय्य मिळते. तेही अर्जदाराची आर्थिक स्थिती पाहूनच.

दूतावासाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कारण आपल्या मंडळाच्या रुग्णसाहाय्य निधीला वेतनमर्यादा घालण्याची सूचना माझीच होती. निधी लहान, मागणी मोठी. म्हणून मी सुचविले की महिना १८० दिनारांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच साहाय्य द्यावे. सूचना एकमताने मंजूर झाली, सूचनाफलकावर लागली. आपल्यातील एक सुतारकाम करणारे बांधव, वेतन २१० दिनार, ती वाचून परत गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक महिने वाढलेला होता, पायांवर सूज होती, तपासण्यांना पैसे नव्हते. एजंटाचे कर्ज आणि बहिणीचे लग्न यांत पगार जात होता. आजार कळला तर कंपनी परत पाठवील या भीतीने कंपनीच्या डॉक्टरकडेही ते गेले नाहीत. मंडळाकडे अर्जच आला नाही, त्यामुळे आम्ही कोणाला नाकारले असे आमच्या दप्तरात कोठेही दिसणार नाही. माझ्याकडे त्यांना आणले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. ते बांधव माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होते. आज ते गावी असतात आणि जिल्हा रुग्णालयात डायलिसिस घेतात. तेथे त्यांना कोणी पगार विचारत नाही.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी माझी सूचना मागे घेतली. चर्चा बरीच झाली. निधी सहा महिन्यांत संपेल असे खजिनदारांचे म्हणणे होते आणि कदाचित तसे होईलही. म्हणून प्रत्येक कमावत्या सदस्याने दरमहा एक दिनार द्यावा असे ठरले आहे. ज्याला अधिक शक्य आहे त्याने अधिक द्यावे. त्याचा आकडा मात्र स्मरणिकेत छापला जाणार नाही. गावी असलेल्या आई-वडिलांची कार्डे काढण्यास मदत करण्यासाठी दोन तरुण सदस्य दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी बसतात. येताना वडीलधाऱ्यांच्या आधार कार्डाची आणि शिधापत्रिकेची प्रत आणावी. आधारवरील जन्मसाल आधी तपासून घ्यावे, कारण आपल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांचे जन्मसाल शाळामास्तरांनी अंदाजाने टाकलेले आहे.

साहाय्यनिधीच्या अर्जाचा सुधारलेला नमुना शेवटच्या पानावर दिला आहे. रुग्णाचे नाव, दुखणे, रुग्णालय आणि संपर्कासाठी एक नातेवाईक, एवढेच त्यात विचारले आहे. वेतनाचा रकाना काढून टाकला आहे. जुने छापील अर्ज कोणाकडे शिल्लक असतील तर तो रकाना कोरा ठेवून दिले तरी चालतील.

– संपादक